आपण सुज्ञ आहातच

मंगळवारी रात्री दहा चाळीसला बी-३०४ मध्ये नव्याने राहायला आलेल्या मुलाने आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न विचारला. ‘फोन रात्रभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी खराब होते का?’ मुलगा भाडेकरू, नोकरी हिंजवडीला, ग्रुपवर येऊन चार दिवस झालेले. शुक्रवार दुपारपर्यंत या प्रश्नावर २१२ मेसेज पडले. त्यांतले ९ बॅटरीविषयी होते.

इंटरनेटवर कसं वागावं याची एक नियमावली १९९५ सालच्या ऑक्टोबरात इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहून ठेवली आहे. नाव अगदीच सरकारी, ‘आरएफसी १८५५’. तिच्यातला एक सल्ला असा, की नव्या मंडळीत शिरल्यावर आधी एक-दोन महिने नुसतं वाचावं, मग बोलावं. आमच्याकडे हा नियम फक्त भाडेकरूंना लागू आहे आणि मुदत अकरा महिन्यांची आहे.

दुसरा सल्ला असा, की इंग्रजीतली सगळी अक्षरं कॅपिटल लिहू नयेत, ओरडल्यासारखं दिसतं. आता देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. मग मराठी माणसाने ओरडायचं कसं? आदराने. आमच्या ग्रुपवर कोण किती चिडलंय हे सर्वनामावरून कळतं. ‘अरे, तुझी गाडी काढ ना’ ही दोस्ती झाली. ‘तुमची गाडी काढता का’ म्हणजे काढा. ‘आपली गाडी’ असं आलं की आज टायरमधली हवा जाणार. आणि ‘सन्माननीय सभासदांनी कृपया नोंद घ्यावी’ अशी सुरुवात झाली की समजावं, उपनिबंधकांकडे द्यायचा अर्ज टाइप होऊन पडलाय. शेवटी ‘कुणाला उद्देशून नाही’ लिहिलेला मेसेज कुठल्या फ्लॅटला उद्देशून आहे हे लिफ्टमधल्या पोरालाही ठाऊक असतं. ‘असो’ म्हणजे दार आपटून निघून जाणं, पाच मिनिटांनी परत यायच्या बोलीवर. आणि ‘आपण सुज्ञ आहातच’ या वाक्याचा अर्थ मी इथे लिहीत नाही. आपण सुज्ञ आहातच. पुण्यातल्या वाड्यांवरच्या पाट्या कमी झाल्या म्हणून लोक हळहळतात. पाट्या गेल्या, पण लिहिणारे हात ग्रुपवर सुखरूप आहेत.

तर बॅटरी. पहिलं उत्तर ए-६०२ च्या काकांचं. काकांचं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं, त्यामुळे ज्याला वायर आहे आणि ज्याला वायर नाही अशा दोन्ही विषयांत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी लिहिलं, बॅटरी पूर्ण संपू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी, नाहीतर ती ‘विसरते’. हे मत खोटं नाही, नुसतं जुनं आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना ही खोड होती. अर्धवट चार्ज करत राहिलं की त्या तेवढंच लक्षात ठेवायच्या. पुढे १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिला ही खोड नाही. त्या मताची निवृत्ती तेव्हाच झाली, पण काकांसारखंच तेही रोज सकाळी फेरी मारायला बाहेर पडतं आणि भेटेल त्याला थांबवतं.

सी-१०१ च्या मॅडमचं म्हणणं वेगळं. रात्री चार्जर चालू ठेवला की ‘लहरी’ बाहेर पडतात, त्याने झोप लागत नाही. त्या स्वतः रात्री पावणेदोनला हे लिहीत होत्या. चार्जर बंद होता का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बुधवारी सकाळी सी-४०५ मधल्या मुलीने चार ओळींत उत्तर दिलं. फोन भरला की आतलं सर्किटच वीज घेणं थांबवतं. बॅटरीचं खरं वाकडं उष्णतेशी आहे, म्हणून चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नये. सतत शंभर टक्क्यांवर बसून राहणं बॅटरीला फारसं मानवत नाही, त्यामुळे हल्लीचे बरेच फोन रात्री ऐंशी टक्क्यांवर थांबतात आणि उठायच्या सुमाराला उरलेलं भरून घेतात. सेटिंगमध्ये जाऊन बघा. संपलं. यावर एकच अंगठा आला. तो तिच्या आईचा होता.

बरोबर उत्तराचा हाच तर त्रास आहे. त्याच्यापुढे बोलायला काही उरत नाही. ज्या उत्तराला सात जणांना ‘माझा अनुभव वेगळा आहे’ म्हणता येतं, ते ग्रुपच्या कामाचं. काकांनी तिला आधार विचारला. तिने लिहिलं, ज्यांनी ही बॅटरी घडवली त्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांतल्या जॉन गुडइनफ यांचं वय तेव्हा ९७ होतं. वयाचा मुद्दा काकांच्या वर्मी लागला. ते स्वतः ७४. पण त्यांनी लगेच सावरून घेतलं: सदर गृहस्थ आपल्या संस्थेचे सभासद नाहीत.

दुपारी डी-विंगमधून एक फॉरवर्ड पडला. कुठल्याशा शहरात चार्जिंगला लावलेला फोन फुटला, खाली जळक्या गादीचा फोटो. डोक्यावर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’. ही खूण कंपनीने सावध करायला ठेवली आहे. आमच्याकडे तिला हॉलमार्कचा मान आहे. इतक्या लोकांनी पाठवलं ते काय उगाच? असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी अडचणही कंपनीने एप्रिल २०२० मध्ये करून ठेवली. डी-विंगच्या काकूंनी तो जेवण झाल्यावर पाठवायला घेतला आणि अकरा ग्रुप उरकून चहाला उठल्या. चिकाटीपुढे तंत्रज्ञानाचं काय चालणार!

सेक्रेटरींनी गुरुवारी काहीतरी लिहून पुसलं. पुसलेल्या मेसेजइतकं लक्षपूर्वक ग्रुपवर काहीच वाचलं जात नाही. सतरा जणांनी आदरपूर्वक चौकशी केली. त्यावर ॲडमिनने त्याची नेहमीची चीज बाहेर काढली: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा हेतू एकच असल्याशिवाय, ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. आमचा ॲडमिन हा निकाल पाण्याचा टँकर उशिरा आला तरी टाकतो.

इतकं होऊनही विषय गुरुवारी रात्री आपोआप विझला असता. पण बी-२०२ ने लिहिलं, ‘रात्रभर चार्जिंगचा विषय निघालाच आहे म्हणून. वॉचमनच्या केबिनमध्ये रोज रात्री एक मोबाईल चार्जिंगला असतो. तो कुठल्या मीटरवर? फक्त माहितीसाठी.’

२१२ पैकी दीडशे मेसेज यानंतरचे आहेत. कॉमन मीटर हा शब्द निघाला की आमच्याकडे झोपलेले सभासदही जागे होतात. दुबईला असलेल्या एका मालकांनी तिथून मत दिलं. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं नऊ जणांनी लिहिलं. पैशाचा प्रश्न नाही, असं त्याच नऊ जणांनी लिहिलं. वॉचमनला विचारावं असं कुणी सुचवलं नाही, कारण तो ग्रुपवर नाही. ग्रुप सभासदांचा आहे. भाडेकरू आहेत तेही मेंटेनन्सची आठवण करायला बरे म्हणून.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. चार्जरमध्ये वाया जाते ती धरून २५ म्हणू. तीस रात्रींचे झाले ७५० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिट. युनिटला बारा रुपये धरले तरी महिन्याचे नऊ रुपये. आमचे फ्लॅट ४८. फ्लॅटमागे एकोणीस पैसे.

हिशेब टाइप केला आणि पाठवला नाही. पंपाच्या खोलीबाहेर एक प्लग आहे, तोही कॉमन मीटरवरच. त्यावर तीन सभासद रविवारी गाडी धुवायचं प्रेशरचं यंत्र लावतात. यंत्र दीड हजार वॉटचं. अर्ध्या तासाला पाऊण युनिट. त्या तिघांपैकी एक कोण, हे बी-२०२ ला माहीत असावं असा मला संशय आहे. तेव्हा मी हिशेब पुसला आणि तत्त्वाचा प्रश्न असल्याचं लिहिलं. नऊमधला नववा मी.

शुक्रवारी संध्याकाळी केबिनच्या आत ए-फोर कागद लागला. ‘येथे मोबाईल चार्ज करू नये. हुकमावरून.’ नम्र विनंती नाही, कृपया नाही, सुज्ञ तर नाहीच. फोटो ग्रुपवर आला, त्याला एकवीस जोडलेले हात मिळाले. बी-३०४ ने विचारलं, ‘मग रात्रभर ठेवू की नको?’ त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी मी यंत्र काढलं. वॉचमन नेहमीसारखा न सांगता आला, वायर सोडवून प्लगला लावली, पाइप धरून उभा राहिला. बॉनेट होतंय तोवर खिशातला फोन वाजला. सी-१०१ च्या मॅडम होत्या. ‘गेटवर माझं पार्सल घेऊन मुलगा दहा मिनिटं उभा आहे. वॉचमनचा फोन कालपासून स्विच ऑफ येतोय. सुरक्षेच्या बाबतीत हा हलगर्जीपणा संस्थेला परवडणार आहे का? कुणाला उद्देशून नाही.’

मी ओले हात पँटला पुसले आणि खाली दोन जोडलेले हात टाकले.