पेवातले मेल

ई-मेल साठवण्याच्या जुन्या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. तिच्यात एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत, एकाखाली एक रचलेले असतात. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत भरून ठेवत, तशातलीच ही तऱ्हा. माल टिकतो, पण तळाचा हवा असेल तर वरचा उपसावा लागतो. पेवाचं तोंड उघडलं म्हणून जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. चार जीबीची एमबॉक्स उघडतानाही तेवढा धीर धरावा. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. एमबॉक्सला पूर लागत नाही, लिहिणं चालू असताना वीज गेली तरी पुरते.

एक मेल संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे ओळखायला या पद्धतीकडे एकच खूण: ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि पुढे मोकळी जागा. एखाद्या वाहतूकदाराने मजकुरातच ‘फ्रॉम सातारा टू सांगली, वन ट्रक’ अशी ओळ टाकली, की यंत्र तिथे मेलाचे दोन तुकडे करतं. भाव एकात राहतो, ट्रक दुसऱ्यात. म्हणून अशा ओळीआधी गणितातलं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह लावतात आणि जुन्या सर्व्हरवरून नव्यावर मेल नेताना ते काढायला हमखास विसरतात.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात क्यूमेलसाठी मेलडिर ही पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक मेलाची फाइल वेगळी. मेल वाचला, उत्तर दिलं, ही नोंद फाइलीच्या नावातच, अपूर्णविरामापुढच्या अक्षरांत असते. विंडोजला फाइलीच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. त्यामुळे ‘पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ की’ हा कार्यालयातला लाडका उपाय तिथेच अडतो.

मेल हलवायचा सरळ मार्ग आयमॅपचा. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखलेल्या या पद्धतीने मेल हलवणारं साधन दोन्ही सर्व्हरशी बोलतं आणि आतली साठवण कशी आहे याची चौकशी करत नाही. फक्त वेळ लागतो. १०० जीबीचा साठा १० एमबीपीएसच्या जोडणीवरून पाठवायला, ती एकदाही तुटली नाही तर, सुमारे २२ तास. हार्डडिस्क मांडीवर घेऊन साताऱ्याहून एसटीने निघालेला शिपाई कराडला चहा पिऊनही त्याच्या कितीतरी आधी सांगलीत पोहोचतो.

मजकूर बहुधा सुखरूप येतो. हरवते ती त्याच्याबद्दलची माहिती. मेलडिरच्या फाइली साध्या कॉपी केल्या, तर त्यांवर आजची तारीख बसते, आणि अनेक सर्व्हर तीच मेल आल्याची तारीख धरतात. मग २०१९ च्या महापुराची सूचना भर एप्रिलच्या उन्हात यादीत सर्वांत वर झळकते. वाचल्याच्या खुणा गेल्या, तर सगळे मेल न वाचलेले होतात. या अपघाताबद्दल शाखांतून सहसा तक्रार येत नाही. सहा महिने उत्तर न दिलेल्या प्रत्येक मेलाला ‘सर्व्हर बदलला ना साहेब’ हे कारण मिळालेलं असतं.

युनिकोडपूर्व फॉन्टांतला मराठी मजकूर आधीही वाचता येत नव्हता, नंतरही येत नाही. तिथे स्थलांतर निर्दोष होतं.

मेल आता नव्या सर्व्हरकडे पाठवा, हे सांगणारा डीएनएसमधला बदल सगळीकडे पोहोचेपर्यंत काही मेल जुन्या सर्व्हरवरच येत राहतात. शेवटच्या फेरीत तेही उचलले, की जुनं यंत्र बंद करायला हरकत नसते. मुख्य कार्यालय मात्र ते ‘असू द्या की, लागतंय कधीतरी’ म्हणत बंद करू देत नाही.