कल्चर फिट

नायगाव-वडाळ्याच्या वेशीवर जिथे स्प्रिंग मिलचा भोंगा व्हायचा, तिथे आता टॉवर आहेत. आसपासच्या कुठल्याही काचेच्या ऑफिसात जा, ‘डायव्हर्सिटी डे’चा केक कापलेला दिसेल. भरती मात्र ‘एम्प्लॉयी रेफरल’ने. म्हणजे आपल्याच कॉलेजातला, जमल्यास आपल्याच सोसायटीतला. ‘कल्चर फिट’ बघतात म्हणे!

गिरणीत हेच काम जॉबर करायचा. भावकीतला, गावकीतला माणूस चिकटवायचा. त्याला रेफरल बोनस नव्हता, दस्तुरी होती. कापड विणायच्या खात्यात तर कल्चर फिट भलताच कडक. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. आणि पगार नेमका तिथेच जास्त. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मज्जाव उठवायची मागणी लावून धरली, तेव्हा ‘जगातल्या कामगारांनो, एक व्हा’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच यादीत घेतली.

आता धोटाही गेला आणि गिरणीही. केक संपल्यावर टेबल पुसायला जो येतो, त्याचं नाव ऑफिसात फारसं कुणाला ठाऊक नसतं. तो कंत्राटदाराचा माणूस. डायव्हर्सिटीच्या आकड्यांत त्याला धरत नाहीत.