अस्सल डुप्लिकेट

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नोव्हेंबर २०१२मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या कायम संग्रहात घेतले. त्यांत पॅक-मॅन होता, टेट्रिस होता. जिथे पिकासो नांदतो त्या घरात ठिपके गिळत फिरणारा पिवळा गोळा मुक्कामाला आलेला पाहून लंडनच्या ‘गार्डियन’चे कलासमीक्षक जोनाथन जोन्स खवळले आणि ही काही कला नव्हे, असा लेख त्यांनी ठोकून दिला. राजापूरकर या वादात पडणार नाही. त्याचं लक्ष जाईल ते आकड्यावर. राजापूरच्या गंगेची कुंडंही चौदाच! साधारण तीन वर्षांनी, पण खरं तर मनाला येईल तेव्हा, उन्हाळे गावात गंगा प्रकटते, कुंडं भरते आणि कुणाला न सांगता निघून जाते. भूगर्भशास्त्रवाले याला वक्रनलिकेचं कारण देतात. राजापूरकर ते ऐकून घेतो आणि आंघोळीला जातो. पण न्यूयॉर्कवाल्यांना नेमका चौदाच आकडा सुचला कुठून, याचा छडा लावायला तो एका पायावर तयार होईल.

जुन्या व्हिडिओ गेमची प्रदर्शनं आता जगभर भरतात. लंडनच्या बार्बिकनमध्ये २००२ साली ‘गेम ऑन’ भरलं आणि मग देशोदेशी फिरलं. बर्लिनमध्ये तर याच विषयाचं अख्खं संग्रहालय आहे. अमेरिकेच्या स्मिथसोनियनकडे चक्क उकिरड्यातून उकरलेली एक कॅसेट आहे. अटारी कंपनीने १९८३मध्ये न खपलेला माल न्यू मेक्सिकोत खड्डा करून पुरला. जेमतेम पाच आठवड्यांत उरकलेला ‘ई.टी.’ हा गेम त्यात होता. २०१४मध्ये लोकांनी जेसीबी लावून तो वर काढला आणि पुरातत्त्वाचा मान दिला. कोकणात न खपलेली, न चालणारी वस्तू कुणी पुरत नाही. ती माळ्यावर जाते. त्यामुळे असं प्रदर्शन राजापुरात भरवायचं ठरलं, तर उत्खननाचा खर्च शून्य. एक शिडी आणि शिंकांवर ताबा असलेला एक माणूस पुरे.

अडचण येईल ती वेगळीच. लंडनच्या काचपेटीत अस्सल माल असतो: निन्टेंडोचा फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी जपानी बाजारात उतरलेला, पांढरा आणि तांबडा, खोक्यासकट, माहितीपत्रकासकट. राजापुरात हे खोकं पाहिलेला माणूस सापडणार नाही. इथे पोचले ते त्याचे अवतार. समुराई, लिटिल मास्टर, आणि ज्यांच्या अंगावर नावच नव्हतं असे कित्येक. (‘लिटिल मास्टर’ या नावावर कोकणाचा हक्क जुनाच. गावसकर मूळचे वेंगुर्ल्याचे.) पण यात ओशाळण्यासारखं काही नाही. रशियातल्या पोरांनी मारिओ खेळला तो ‘डेंडी’वर, पोलंडमधल्या पोरांनी ‘पेगासस’वर, आणि ही दोन्ही यंत्रं फॅमिकॉमच्या नकलाच. अर्ध्या जगाने जे हातात धरलं, ते अस्सल नव्हतंच. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल, तर काचपेटीतला अस्सल फॅमिकॉम हा या इतिहासाचा सगळ्यात बिनकामाचा पुरावा आहे. त्याच्यावर चिवड्याचं तेल नाही. राजापूरने दारावर बेधडक पाटी लावावी: ‘येथील सर्व वस्तू अस्सल डुप्लिकेट आहेत. हात लावावा.’

परदेशी कंपनीने स्वतः येऊन इथे दुकान थाटलं नाही, तेही एका परीने शहाणपणाचं. राजापूरला त्याचा पूर्वानुभव आहे. इंग्रजांची वखार इथे होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, तेव्हा १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन साहेबाला साथीदारांसकट कैदेत घातलं. वखारीवरून आठवलं, मारिओचं नावसुद्धा एका वखारवाल्याचंच. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो नुसता ‘जम्पमॅन’ होता. अमेरिकेत निन्टेंडोने भाड्याने घेतलेल्या गोदामाच्या मालकाचं नाव मारिओ सेगाले, आणि तेच या उडीबहाद्दराला चिकटलं. घरमालकाचं नाव एवढ्या प्रेमाने दुसऱ्या कुठल्या भाडेकरूने घेतल्याचं ऐकिवात नाही. मिशी आणि टोपी तरी शोभेची असेल, तर तसंही नाही. इतक्या थोड्या ठिपक्यांत शिगेरू मियामोतोंना तोंड दाखवता येईना म्हणून नाकाखाली मिशी आली, आणि उडी मारताना केस हलवता येईनात म्हणून टोपी. मिशी, टोपी, पोट थोडं पुढे आणि वाटेत दिसलेलं नाणं न सोडणं. मारिओ राजापुरात कुणालाच परका वाटला नाही.

या निन्टेंडोची आणखी एक गंमत प्रदर्शनात मांडायला हवी, आणि त्यासाठी सावंतवाडीहून पाहुणे बोलवायला हवेत. क्योतोतली ही कंपनी १८८९मध्ये सुरू झाली ती हानाफुदा नावाचे हाती बनवलेले खेळायचे पत्ते विकायला. १२ महिन्यांची १२ फुलं-झाडं, प्रत्येकाचे ४ पत्ते, एकूण ४८. राजापूरच्या दक्षिणेला सावंतवाडीत गंजिफा रंगवतात, गोल आणि लाखेच्या झिलईच्या. दशावतारी गंजिफेत १० अवतार, प्रत्येकाचे १२, म्हणजे १२० पत्ते. संख्येने आपण अडीचपट पुढे. तिकडची पत्त्यांची कंपनी टीव्हीत घुसली. इकडच्या गंजिफेला राजवाड्याने हात दिला म्हणून ती निदान शोकेसपर्यंत पोचली. हानाफुदा आणि गंजिफा शेजारी शेजारी ठेवून वर काहीही लिहू नये. बघणाऱ्याला जे कळायचं ते कळेल. शिवाय दशावतारात विष्णूला एकूण दहा जीव, मारिओला सुरुवातीला तीन, असा हिशेब एखादं पोर घालेलच.

हा डुप्लिकेट माल यायचा मुंबईहून. मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोड इथे घासाघीस व्हायची आणि मे महिन्यात नाहीतर गणपतीला चाकरमानी तो घेऊन निघायचा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८मध्ये. त्याआधी रात्रभर एस.टी. बॅग टपावर गेली तरी खोकं मांडीवर. कशेडी घाट, चिपळूण, हातखंबा, लांजा, आणि प्रत्येक खड्ड्याला आतल्या तारा सुटल्या असतील ही धास्ती. गावात गाडी पोचायच्या आधी बातमी पोचलेली असायची. मुंबईच्या काकांनी काय आणलं हे आजीने विचारायच्या आत शेजारची चार पोरं ओटीवर हजर.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९९९ इन १’. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली. पाचव्या पानावर पुन्हा मारिओ, पण दुसऱ्या लेव्हलपासून. खरे गेम मोजले तर हाताच्या बोटांवर मावत, बाकी सगळी त्यांचीच फिरवाफिरवी. पोरं मात्र शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघायची. न जाणो, ९९९९९९वा गेम खरंच वेगळा निघाला तर?

कॅसेट लागत नसेल तर फुंकर. दृष्ट लागली, विंचू चावला की मंत्र पुटपुटून फुंकर मारणारी माणसं गावात असायची, त्यामुळे या उपचाराला कुणी शास्त्राधार मागितला नाही. वास्तविक फुंकरेने काहीच होत नसे. कॅसेट काढून परत घातली की तिच्या पिना खाचेत नीट टेकत आणि गेम सुरू होई. श्रेय फुंकरेला जाई. उलट तोंडातली वाफ तांब्याच्या पिनांना गंज चढवते. कोकणच्या पावसात, जिथे पापड तळल्यावर दहा मिनिटांत सादळतो, तिथे वर आणखी तोंडाची वाफ! तरीही प्रदर्शनात ‘फुंकर मारून पाहा’ असा एक कोपरा हवाच, नाहीतर लोक पैसे परत मागतील.

सगळ्यात अवघड दालन ‘डक हंट’चं. हा १९८४चा गेम, सोबत प्लास्टिकची बंदूक. आता कोकणात बंदुकीचं अप्रूप नाही. रानडुकरं शेतीची नासधूस करतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढून बंदूक बाळगणारी घरं आहेत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. अशा घरातल्या आजोबांपुढे नातवाने टीव्हीतलं बदक पाडलं, तर त्यांचा प्रश्न रास्तच असणार: “काच कशी फुटत नाय रे?” फुटत नाही, कारण या बंदुकीतून बाहेर काहीच जात नाही. उलट टीव्हीचा उजेड तिच्या नळीत शिरतो. चाप ओढला की पापणी लवायच्या आत पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा ठोकळा उमटतो. नळीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या डायोडला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम बरोबर, बदक पडलं. नुसता उजेड दिसला तर नाही. त्यामुळे विजेच्या दिव्यावर बंदूक रोखून बदकं पाडायची युक्तीही चालत नसे. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन खदाखदा हसायचा. तोही बंदुकीच्या टप्प्यात असायचा, पण त्याला गोळी लागायची नाही. घरोघरी शिकारी निवृत्त झाले ते या कुत्र्यामुळे.

पण ही बंदूक चालते ती फक्त जुन्या, ढेरपोट्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर. आजचा चपटा टीव्ही चित्र दाखवायला क्षणभर जास्त घेतो आणि बंदुकीची वेळ हुकते. म्हणजे पुन्हा शिडी, पुन्हा माळा. टीव्ही खाली उतरवताना घरातले वडीलधारे हमखास आठवण करून देतील की व्हिडिओ गेमने ट्यूब उडते. हा सिद्धांत त्या काळी सबंध भारतात एकमताने मान्य होता. त्यात तथ्य अगदीच नव्हतं असंही नाही. एकच चित्र तासन् तास स्थिर राहिलं तर पडद्यावर त्याचा डाग बसू शकतो. मात्र बाबांना ट्यूबची चिंता नेमकी सातच्या बातम्यांच्या आधी पडत असे.

वीज हा स्वतंत्र विषय आहे. मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. आठव्या दुनियेत, शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी पोचावं आणि लाइट जावी. भारनियमनाच्या दिवसांत तर वेळापत्रकच छापून यायचं, आणि राजापुरातल्या कित्येक राजकन्या केवळ त्यापायी सुटल्या नाहीत. प्रदर्शनात हा अनुभव मुद्दाम निर्माण करायचं काही कारण नाही. तेवढा विश्वास विजेवर ठेवावा. तारखा मात्र जपून निवडाव्यात. जुलैत जवाहर चौकात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी येतं, एप्रिल-मेचा पूर्वार्ध आंब्याच्या पेट्यांत जातो. भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीला बघावं.

शहरांतल्या व्हिडिओ गेम पार्लरांचंही एक मशीन मागवता येईल. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. हे नाव भारतात फारसं कुणी घेतलं नाही. त्यातल्या मुस्तफा कैरोवर पोरांचा जीव, म्हणून गेमच ‘मुस्तफा’. एक रुपयाचं नाणं सरकवायचं आणि पाठीमागे उभ्या असलेल्या सहा जणांचे सल्ले फुकट घ्यायचे.

खरी गर्दी मात्र कॉन्ट्रापुढे होणार. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा गेम फॅमिकॉमसाठी बसवत होते. तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी एक चोरवाट ठेवली आणि ती काढून टाकायची राहिली. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. कॉन्ट्रात हीच खूण केली की ३० जीव. इंटरनेट नव्हतं, पुस्तक नव्हतं, तरी हा मंत्र टोकियोपासून कोकणातल्या वाड्यांपर्यंत जसाच्या तसा पोचला. चुलतभावाने सांगितला, त्याला त्याच्या डोंबिवलीच्या मित्राने. पाठांतराच्या बाबतीत शाळेची जी तक्रार होती, ती इथे कुणीच करू शकलं नसतं.

फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नाही. म्हणजे धाकट्याने लिंबूटिंबू राहायचं हे क्योतोतच ठरलेलं. थोरला त्याच्या हातात बऱ्याचदा वायर काढलेला रिमोट देई, आणि पोर अर्धा तास मन लावून कुणालाच न हलवता खेळे. (‘डक हंट’मध्ये दुसऱ्या खेळाडूला रिमोटने बदक हवं तिकडे पळवता येतं, हे मात्र फार थोड्या धाकट्यांना कळलं. ज्यांना कळलं ते बोलले नाहीत.) कॉन्ट्राच्या तिसऱ्या लेव्हलला धबधबा आहे. दोघांनी मिळून वर चढायचं. जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. सामाईक जमिनीवरून कोकणात भावाभावांत जे काही होतं, त्याची पूर्वतयारी अनेक घरांत याच धबधब्यावर झाली असावी.

तर नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पंचेचाळिशीचे दोन भाऊ माळ्यावरून काढलेल्या टीव्हीपुढे सतरंजीवर बसतील, एक डोंबिवलीचा, एक इथलाच. गुडघे वाजतील. मंत्र दोघांना पाठ असेल. धबधबा येईल आणि डोंबिवलीचा नेहमीप्रमाणे सुसाट वर निघेल.

“अरे मेल्या, थांब! मी खाली आहे!”

“तू चढ ना लवकर!”

“तीस वर्षं हेच करतोयस. आंब्याच्या कलमांचंही हेच केलंस.”

“कलमांचा इथे काय संबंध?”

दोघांच्या बायका चहाचे कप धरून मागे उभ्या असतील. त्यांच्यामधून वाट काढत एक सात वर्षांची पुतणी पुढे येईल, काकाच्या हातातून रिमोट काढून घेईल आणि त्याची वायर नीट लागली आहे की नाही ते आधी तपासेल.