टूलरूमवाले अण्णा

कासारवाडीत दर दोन गल्ल्यांआड एक अण्णा असतात. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं, आणि रिटायर होऊन दशक उलटलं तरी तोंडी 'आमच्या कंपनीत'. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागून टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली आणि या पट्ट्यात माणसांचे दोनच प्रकार उरले: पर्मनंट आणि बाकीचे. अण्णा पर्मनंट. त्यात टूलरूमचे, म्हणजे पर्मनंटांतले पाटील.

हात मात्र अस्सल. जॉबवरून नुसतं बोट फिरवून "पॉइंट झिरो टू जास्त आहे" म्हणायचे, आणि मायक्रोमीटर लावला की तेवढंच निघायचं. घोटाळा तिथेच झाला. माप कधी चुकलं नाही, तेव्हा मत तरी कसं चुकेल?

घरी मखमली डबीत व्हर्नियर आहे. सून आली त्या आठवड्यात त्यांनी तो तिच्या पोळीला लावला. कडेला 2.4, मध्ये 1.8. "रिजेक्ट नाही, रिवर्क," असं मोठ्या मनाने म्हणाले. सुनेने लाटणं त्यांच्याच हातात दिलं. हल्ली मुलगा-सून वाकडला राहतात. मुलगा हिंजवडीत अण्णांच्या शेवटच्या पगाराच्या तिप्पट कमावतो, पाहुण्यांना मात्र अण्णा सांगतात, "असतो काहीतरी कॉम्प्युटरवर. युनियन नाही, काही नाही."

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याने त्यांना मानाने बोलावलं होतं. तिसऱ्याच दिवशी सीएनसीवरचं पोरगं म्हणालं, "काका, ऑफसेट मी दिलाय, तुम्ही हात नका लावू." अण्णांनी डबा उचलला आणि थेट घर गाठलं. मालक अजून फोन करतो. अण्णा उचलत नाहीत, पण फोन आला होता हे गल्लीभर सांगतात.

मार्च 2022 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि नाशिक फाट्याच्या स्टेशनवर पाटी लागली 'भोसरी'. कासारवाडीच्या नावाचं वेगळं स्टेशन पुढे होतंच, तरी अण्णांनी बहिष्कार टाकला आणि भर उन्हात लोकलची वाट बघत बसले. पुढे ते नाव बदलून नाशिक फाटा झालं. कोणामुळे, ते त्यांना विचारा.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण शुगर तीनशेवर गेली तेव्हा म्हणाले, "लॅबचं मशीन कॅलिब्रेट केलेलं नाही." डॉक्टर तर काय, 'आमच्या ट्रेनीच्या वयाचा'. पायाची जखम चिघळली तरी मोजा घालून हिंडत होते, काकूंना पत्ता लागू दिला नाही.

शेवटी काकूंनीच युक्ती काढली. रोज सकाळी चहाआधी गोळी पुढे ठेवतात. "अहो, ही जरा जाड वाटत नाही का कालच्यापेक्षा?" अण्णा डबी उघडतात, गोळी जबड्यात धरतात, डोळे बारीक करून आकडा सांगतात, आणि काढलीच आहे म्हणून गिळतात.

अण्णांची धाकटी लग्नाची आहे. मुलगी गुणी आहे, स्थळ जरूर सुचवा. फक्त मुलगा पर्मनंट आहे का, एवढं आधी विचारून घ्या. आणि काही झालं तरी व्हर्नियर बघायला मागू नका, संध्याकाळ जाते.