उतारावरचा रायपुरी

रायपूरच्या चौबे कॉलोनीत स्कीइंग येणारा माणूस मी एकटाच आहे. हे विधान मी गेली काही वर्षं जाहीरपणे करत आलोय आणि अजून कुणी हरकत घेतलेली नाही. हरकत घ्यायची तर परीक्षा घ्यावी लागेल, आणि परीक्षेला उतार लागतो. आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा उतार म्हणजे समोरच्या भाऊंनी गाडी आत घ्यायला बांधलेला सिमेंटचा रॅम्प. त्यावरून पावसाळ्यात भाऊ स्वतः घसरले. मी शास्त्रोक्त पद्धतीने, कडेकडेने, तिरपा चढून त्यांना उचललं आणि उचलता उचलता ‘याला साइड स्टेप म्हणतात’ हेही सांगितलं. भाऊ त्या वेळी कण्हत होते, त्यामुळे त्यांनी दाद दिली नाही.

माझा व्हॉट्सॲपवरचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. लाल जॅकेट, काळा गॉगल, दोन्ही हातांत काठ्या, मागे नंदादेवी. 7816 मीटरचं शिखर पाठीशी असलं की माणसाचं पोट बरंच आत दिसतं. फोटो सपाट जागेवर काढलेला आहे, ही बाब तांत्रिक आहे. गॉगल, टोपी आणि गळपट्टी यांमुळे चेहऱ्याचा साधारण नाकाचा शेंडा तेवढा उघडा राहिला आहे, म्हणून आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं, ‘अहो, हा कुणीही असू शकतो.’ असू शकतो, पण आहे मीच.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं खरं तर चारधाम करायचं. मी निघालो औलीला, कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात. आईला कळेना की बद्रीनाथाच्या वाटेवरचं जोशीमठ गाठायचं, तिथून देवाकडे न जाता उलट डोंगरावर चढायचं आणि घसरत खाली यायचं, याला पैसे कोण देतं? देव हिवाळ्यात बंद असतो, असं मी सांगितलं. ‘मग तूही घरी बस,’ असं ती म्हणाली. कॉलोनीचा आक्षेप वेगळा होता. बर्फच पाहायचा तर मैनपाटला जायचं न! दर हिवाळ्यात आमच्याकडच्या हिंदी पेपरात मैनपाटचा फोटो येतो: पैऱ्यावर म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, गवतावर गोठलेलं दव आणि खाली ‘छत्तीसगढ का शिमला’. मैनपाटबद्दल मला आदर आहे. साठच्या दशकात तिबेटी लोकांना तिथे वसवलं, तेव्हा बर्फातल्या माणसांना त्यातल्या त्यात हाच डोंगर सोसेल असं सरकारला वाटलं असावं. पण मैनपाट अकराशे मीटरच्या आसपास आणि औली अडीच ते तीन हजार. शिवाय गोठलेल्या दवावर स्की लावून उभं राहिलेल्या माणसाला सरगुजाचे पोलीस काय म्हणतील?

स्कीइंगबद्दल लोकांचा समज असा की कठीण भाग म्हणजे घसरणं. घसरणं आपोआप होतं. कठीण आहे ते बूट घालणं. प्लास्टिकचे कडक बूट, त्यांना कड्या, आणि घोटा एकदा आत गेला की तो पुढच्या बाजूला झुकवून पक्का बांधलेला. माझं निम्मं औली हे बूट घालण्यात आणि उरलेलं काढण्यात गेलं. मधल्या वेळात जे झालं त्याला मी स्कीइंग म्हणतो.

आमचा शिक्षक गढवाली पोरगा होता, पंचविशीचा. बाकी सगळ्यांना तो ‘सर जी’ म्हणायचा आणि मला ‘अंकल जी’. बॅचमध्ये दिल्लीचे एक डॉक्टर होते, ते माझ्याहून थोराड दिसायचे. त्यांनाही ‘सर जी’. मी केसांना कलप लावून गेलो होतो, पण टोपी काढायची सोय नव्हती. तो पोरगा सांगायचा, ‘अंकल जी, आगे झुको.’ उतारावर भीती वाटली की माणूस मागे रेलतो, मागे रेललं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं, ताबा जातो आणि वेग वाढतो. वाचायचं तर दरीकडे झुकायचं. छत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायलीवर सही करताना मी मागे रेलून बसलेला माणूस. माझ्या पाठीच्या कण्याला हे पटणं शक्य नव्हतं. थांबायचं कसं, हे मला शेवटी सात वर्षांच्या एका मुलीनं शिकवलं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. ‘अंकल, पिज़्ज़ा बनाओ!’ असं ओरडत ती माझ्या बाजूने खाली गेली. मी पिझ्झा केला. तो जरा मोठा झाला आणि मी त्यातच बसलो.

पडण्यातही परंपरा असते, हे इथे नमूद करायला हवं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल 1894 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसहून डोंगर ओलांडून आरोझाला स्कीवर गेले होते. बायकोच्या क्षयामुळे ते तिकडे राहत होते, आणि ब्रँगर नावाच्या दोघा स्थानिक भावांनी त्यांना ही विद्या दिली. त्या सफरीवर त्यांनी ‘स्ट्रँड’ मासिकात लेख लिहिला. शिंप्यानं ज्या ट्वीडला कधी झिजत नाही म्हणून विकलं होतं, ते ट्वीड बसून घसरताना वाटेवर कुठे कुठे राहिलं, याचा त्यात मोकळेपणाने उल्लेख आहे. आरोझाच्या हॉटेलात त्यांचा व्यवसाय म्हणून वहीत काय लिहिलं गेलं, तर खेळाडू. माझी पँट आमच्याच भागातल्या शिंप्याची होती आणि तीही औलीत त्याच जागी गेली. महाराष्ट्र मंडळात माझं व्याख्यान झालं, तेव्हा हा योगायोग मी विस्ताराने सांगितला. सभागृहात मागून प्रश्न आला की होम्सनं मग तुमच्या पँटचं काय केलं? दुसरा प्रश्न चहा मिळतो का. तिसरा विचारणार तेवढ्यात पानं वाढल्याचं कळलं.

व्याख्यानात मला मुख्य बोलायचं होतं ते कूलरवर, आणि तेच राहिलं. ते इथे सांगतो. मासिकाच्या वाचकाला उठून पंगतीला जाता येत नाही.

रायपूरचा माणूस कूलरवर जेवढं बोलू शकतो, तेवढं तो स्वतःच्या मुलांवर बोलत नाही. होळी झाली की पत्र्याचा डबा मागच्या अंगणातून ओढून काढायचा, खाली गंज लागलाय का पाहायचं, जाळीतलं जुनं गवत उपसून नवं भरायचं. आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पॅड मिळतात, पण वाळ्याच्या वासाची सर त्यांना नाही, असं मी म्हणतो आणि पॅडच घेतो. पंप सुरू करून पाणी तिन्ही बाजूंना सारखं उतरतंय का, हे कानानं ओळखायचं असतं. ते शिकवून येत नाही. पुण्याचे पाहुणे आले की मेमध्ये, पारा 45 ला टेकलेला असताना, सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून कूलरसमोर बसतात आणि मग म्हणतात, ‘चिकचिक होतंय हो.’ होणारच. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि तो ओलावा पलीकडून बाहेर पडला तरच हे चालू राहतं. म्हणून हाच कूलर मेमध्ये स्वर्ग दाखवतो आणि जुलैत, हवेत आधीच ओल असताना, तेवढ्याच विजेत नुसता ओरडतो. जुलैत कूलर लावणाऱ्या माणसाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो. समोरचे भाऊ लावतात.

तर औलीला बर्फ बनवायची यंत्रं होती. 2011 च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी खेळ औलीत झाले, तेव्हा ती आणली गेली. पाण्यासाठी वर एक तळंही केलं. शिक्षकानं ते यंत्र दाखवलं आणि मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं. मोठा पंखा, बारीक फवारा, थंडी. मी म्हटलं, हा तर कूलर! तोच नियम. फवाऱ्यातल्या थेंबांचा काही भाग हवेत वाफ होतो, उरलेला थेंब त्यानं आणखी गारठतो आणि जमिनीवर येईपर्यंत गोठतो. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही बर्फ पडतो. दमट असेल तर शून्यावरही पडत नाही. नुसत्या पाऱ्यावर काही ठरत नाही, ओला फडका गुंडाळलेला पारा काय दाखवतो ते पाहायचं. मी त्या पोराला बर्फात उभा करून पंप, गवत, समोरची खिडकी, जुलै, सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘तो अंकल जी, आप लोग रायपुर में बर्फ़ क्यों नहीं बना लेते?’ उत्तर माझ्याकडे होतं, पण तोवर दिल्लीच्या डॉक्टरांचा पिझ्झा दरीकडे निघाला होता आणि त्याला पळावं लागलं.

परत आल्यावर माझी नजर बदलली. 2022 च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गचा आरिफ खान. जायंट स्लालममध्ये तो 45 वा आला. मी सोफ्यावर बसून म्हटलं, वळणावर बाहेरच्या पायावर वजन थोडं उशिरा येतंय. आमच्या घरात यावर शांतता पसरली. जगातल्या पंचेचाळिसाव्या माणसाचा पाय उशिरा येतोय हे ओळखायला स्वतःचा पाय कधी वेळेवर यावा लागत नाही. मराठी क्रिकेटरसिकांनी हे केव्हाच सिद्ध केलंय.

मग 2023 चा जानेवारी आला आणि जोशीमठच्या घरांना भेगा पडल्या. आठशेच्या वर इमारती. उपग्रहाच्या मोजणीत 27 डिसेंबर ते 8 जानेवारी एवढ्या दिवसांत 5.4 सेंटिमीटर जमीन खचल्याचं दिसलं. असुरक्षित घरांवर लाल फुल्या मारल्या, दोन हॉटेलं पाडायला घेतली, औलीचा चार किलोमीटरचा रोपवे थांबवला. गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलंय, इथे जड बांधकाम करू नका, उतार खोदू नका, झाडं लावा, हे मिश्रा समितीनं 1976 मध्येच लिहून ठेवलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो. माझी अख्खी नोकरी त्या अहवालानंतर सुरू होऊन संपली.

बातम्यांत तज्ज्ञ सांगत होते की गावात सांडपाण्याची धड सोय नाही, आणि ते पाणी डोंगरातच मुरतं. मला आमच्या बॅचची हॉटेलातली सकाळ आठवली. गरम पाण्याची दुसरी बादली, तिसरी बादली, ‘पैसे मोजलेत आम्ही’ हा आवाज. तो आवाज बऱ्यापैकी माझा होता. पैसे मोजलेल्या माणसाच्या आवाजात एक जोर असतो, तो मला बँकेत पलीकडच्या बाजूने चांगला ओळखू यायचा आणि मी त्याचा तिरस्कार करायचो. डोंगराला हा आवाज कोणत्या काउंटरवर ऐकू येतो कुणास ठाऊक.

औलीच्या त्या शिक्षक पोराला फोन केला. घरावर फुली होती. शाळेत राहतोय म्हणाला, आई-वडील, दोन गाई मामाकडे. गाईंचं त्यानं आधी सांगितलं. मी म्हटलं, काही दिवस रायपूरला ये, घरात जागा आहे. म्हणाला, ‘वहाँ क्या सिखाऊँगा, अंकल जी?’ मला पटकन सुचलं ते बोललो, की कूलर शीक, आमच्याकडे मार्च लागला की मेकॅनिक मिळत नाही. तो हसला. नंतर दोघांनाही काही बोलायला मिळेना, तेव्हा मी हवा कशी आहे विचारलं. सूखी, म्हणाला. बर्फ कमीच आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी, 2024 च्या जानेवारीत, गुलमर्गची उघडी तपकिरी मैदानं पेपरात आली. 2025 मध्ये तर तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलावे लागले. सौभाग्यवती म्हणाली, ‘मग ते तुमचं यंत्र लावायचं न.’ मी तिला समजावलं की यंत्राला आधी थंडी लागते, थंडीच नसेल तर ते नुसतं पाणी उडवतं. ती म्हणाली, ‘म्हणजे जुलैतला कूलर.’ मंडळातलं व्याख्यान खरं तर तिनं द्यायला हवं होतं.

तो पोरगा अजून शिकवतो. बर्फ पडला तर औलीत, नाही पडला तर गाडी चालवतो. मला अधूनमधून नवीन बॅचचे फोटो पाठवतो; त्यात कुणीतरी एक टोपीवाला मागे रेललेला असतोच आणि खाली लिहिलेलं असतं, ‘अंकल जी, आपका भाई।’

तुमच्यापैकी कुणी औलीला निघणार असेल तर फेब्रुवारीत जा, आधी फोन करून बर्फ पडलाय का विचारा, आणि वर गाडीनेच जायचं धरून चाला. शिक्षक तिथलाच घ्या, त्याच्या पैशात घासाघीस करू नका, अंघोळीला एक बादली पुरते. आणि चौबे कॉलोनीतले असाल तर थर्मल विकत घेऊ नका. माझे आहेत, एक्सएल साइजचे, रायपुरात त्यांचा काही उपयोग नाही. संध्याकाळी सहानंतर येऊन न्या, फक्त परत देताना धुऊन द्या.