जात्यातले रातकिडे

आपण कोणाचं तरी जेवण आहोत, ही गोष्ट दुकानातल्या रातकिड्याला कोणी सांगितलेलीच नसते. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात असं आपल्याकडे म्हणतात. रातकिड्यांचं तसं नाही. त्यांच्यातले जात्यातलेही हसतात, जात्यावर चढून बसतात, मिशा साफ करतात आणि रात्र झाली की गायला लागतात.

हे ऐकीव नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात, आईच्या देवांपासून सुरक्षित अंतरावर, काचेच्या टाकीत कन्येची टॅरंटुला कोळीण राहते. कुत्र्याला नको म्हटलं, कारण बर्फात फिरवायचा कोणी. मांजराला नको म्हटलं, कारण नवा सोफा. बापाच्या अंगात ‘नको’ म्हणायची ताकद बेताचीच असते. तिसऱ्या मागणीपर्यंत ती संपते. अशी ही बाई घरात आली. जात चिलियन रोझ. मूळची चिलीतल्या कोरड्या, खुरट्या झुडपांच्या मुलखातली. अंग तपकिरी, उजेड पडला की पाठीवर गुलाबी झाक. या जातीची मादी वीस वर्षं सहज काढते हे मला नंतर कळलं. म्हणजे घराचं कर्ज आणि ही, दोन्ही एकदमच फिटतील.

‘बाई’ हे नाव आईचं. आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली, पहिल्या दिवशी टाकीकडे पाहून “अगंबाई!” म्हणाली आणि त्यातली ‘बाई’ कायमची चिकटली.

बसणे हा बाईंचा पूर्णवेळ व्यवसाय आहे. आठ पाय पसरून एका जागी बसायचं. सोमवारी जिथे बसल्या तिथेच गुरुवारी. डोळे आठ, पण सगळे नावापुरते. फार तर उजेड-अंधार आणि काहीतरी हललं एवढं कळतं. खरं काम पायांवरच्या केसांचं. जमिनीला बारीकसा हादरा बसला, जवळून वाऱ्याची झुळूक गेली की त्यांना पत्ता लागतो. थोडक्यात, त्यांच्या टाकीत जाऊन पडलेल्या कोणी गुपचूप कोपरा धरला, तर त्याला बरेच दिवस सुखाने काढता येतील.

रातकिड्याला नेमकं तेवढंच जमत नाही.

रातकिडे आणायचं काम माझ्याकडे. दुकानात ते शर्टासारखे मापावर मिळतात: लहान, मध्यम, मोठे. काउंटरवरचा मुलगा अंड्यांच्या ट्रेचा तुकडा नरसाळ्यावर झटकतो आणि डझनभर प्लास्टिकच्या पिशवीत ओततो. पूर्वी हे सगळे साधे घरगुती रातकिडे असत. 2010 च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतली त्यांची फार्मच्या फार्म झोपवली, तेव्हापासून दुसऱ्या जातीही विकायला आल्या. आमच्या दुकानात कधी घरगुती असतात, कधी पट्टेवाले. पट्टेवाले जास्त उड्या मारतात. गाडीत पिशवी सुटली, तर हा फरक फार चांगला समजतो.

टाकीत पडलेला रातकिडा आधी काचेच्या कडेकडेने एक फेरी मारतो. भिंत धरून चालायची त्याची रीतच आहे. चालताना दोन्ही लांब मिशा पुढे चाचपत असतात. चाचपता चाचपता त्या बाईंच्या पायाला लागतात. आता हा दचकेल, अशी आमची सगळ्यांची अपेक्षा. तो दचकत नाही. पायावरचे केस मिशांनी वरपासून खालपर्यंत तपासतो आणि चढायला लागतो. गुडघा ओलांडतो, पाठीवर येतो, तिथून मागच्या गोल, केसाळ पोटावर जातो आणि थांबतो. मग पुढच्या पायाने एक मिशी खाली वाकवून तोंडात धरतो आणि बुडापासून टोकापर्यंत चोखत साफ करतो. ती झाली की दुसरी. घाई अजिबात नाही.

बाई काय करतात? लोकलमध्ये शेजारच्याचं कोपर लागलं की आपण करतो तेच. एक पाय जरासा उचलतात आणि परत ठेवतात. रातकिडा फारच अंगचटीला आला, तर स्वतः दोन पावलं बाजूला सरकतात. जिच्या फोटोवर पाहुण्यांच्या किंकाळ्या निघतात, ती आपल्या डब्यातल्या जेवणाला जागा करून देते.

“अरे, बाईंनी आजही घेतलं नाही रे,” आई स्वयंपाकघरातून मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. घरून काम करतो, त्यामुळे ही बातमी बंगळुरूच्या टीमपर्यंतही पोचलेली आहे.

यात रातकिड्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण तो अन्याय होईल. त्याच्याकडची यंत्रणा उत्तम आहे. शेपटाशी दोन टोकदार काटे असतात, त्यांवर इतके तलम केस की चाल करून येणाऱ्या शत्रूने ढकललेली हवासुद्धा कळते, आणि डोक्याला विचारपूस करत न बसता पाय उडी मारून मोकळे होतात. अडचण अशी की ही यंत्रणा धावून येणाऱ्या शत्रूसाठी आहे. बाई धावत नाहीत. बाई बसतात. हवा हललीच नाही, तर शत्रू कुठला? उलट रातकिड्याला काय हवं असतं? अंधारी, आडोशाची, वरून झाकलेली जागा. सबंध टाकीत अशी सर्वांत छान जागा बाईंच्या पोटाखालीच असते. म्हणून तो तिथे जाऊन बसतो. भटाला दिली ओसरी, तर भट निदान हातपाय पसरतो. हा घरमालकिणीलाच ओसरी समजतो.

दुसरं कारण घराण्याचं. जोनाथन स्टॉर्म आणि स्टीव्हन लिमा या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 2010 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. शेतातल्या रातकिड्याच्या गाभण माद्यांना त्यांनी कोळ्याच्या सहवासात ठेवलं. कोळी शिकारी जातीचा, पण त्याच्या सुळ्यांवर मेण चढवलेलं. म्हणजे अंगावर येणार, पण चावता येणार नाही. (कोळ्याच्या दातांना मेण लावत बसण्याची नोकरी कोणाला लागली असेल, याचा विचार मी वेतनवाढीच्या काळात नेहमी करतो.) पुढे त्या माद्यांची पिल्लं, जी आईला कधी भेटलीच नव्हती, ती कोळ्याचा नुसता माग लागला तरी इतर पिल्लांपेक्षा जास्त वेळ थिजून राहत, आणि जगतही जास्त. आईने अंड्यातच सांगून ठेवलं होतं.

आता आमच्या दुकानातल्याची आई पाहा. तिचा जन्म फार्मवर, अंड्यांच्या ट्रेत. उबदार हवा, दळलेलं खाद्य, ओला स्पंज. तिच्या आईचं तेच, आजीचंही तेच. वर्षाला चार-पाच पिढ्या, आणि हा धंदा माशांच्या गळाला रातकिडा लावायच्या दिवसांपासूनचा. एवढ्या पिढ्यांत कोणी कोळी पाहिलेलाच नाही. ती बिचारी अंड्यात सांगणार काय? “ट्रेमधून पडू नकोस” एवढंच.

शिवाय आत्मविश्वास. रातकिड्यांचे नर भांडखोर असतात, आणि भांडणात हरलेला नर बराच वेळ मान खाली घालून राहतो. पण हरलेल्याला हवेत उडवलं, थोडं पंख हलवू दिले, की गडी पुन्हा दंड थोपटून उभा. हे 2000 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं; चीनमधले झुंजी लावणारे मात्र हरलेला रातकिडा उडवून-हलवून पुन्हा मैदानात उतरवायचं तंत्र फार आधीपासून वापरत होते. तिथे तेराव्या शतकात च्या स-ताओ नावाचा मुख्यमंत्री होऊन गेला. मंगोल दारात आले असताना हा रातकिड्यांच्या झुंजीत रमला असा त्याच्यावर ठपका आहे, आणि रातकिडे कसे निवडावेत, कसे पाळावेत याचा ग्रंथही त्याच्या नावावर आहे. आम्ही प्रत्येक रातकिडा पिशवी झटकून वरून टाकतो. आत पडतो तो ताजातवाना पहिलवानच पडत असणार.

एकदा दोन नर एकदम पडले. बाईंच्या अगदी तोंडासमोर त्यांनी मिशांनी मिशा लढवल्या, जबडे उघडले, डोक्याला डोकं भिडवलं. हरलेला पळाला तो बाईंच्या पुढच्या दोन पायांमधून, आणि जिंकलेल्याने तिथेच उभं राहून विजयगीत गायलं. बाई निर्विकार. आई म्हणाली, “आपल्या सोसायटीची सभा.”

गाणं हे खरं प्रकरण. नर पंखावर पंख घासून गातो आणि गायला त्याला भोकाचं तोंड आवडतं. टाकीत भोक एकच: झाडाच्या सालीखालचं बाईंचं घर. त्याच्या दारात उभा राहून हा रात्रभर मादीला हाका मारतो. कन्येच्या खोलीतला हीटर चालू असला की लय चढते. 1897 साली ॲमॉस डॉल्बेअर या प्राध्यापकाने यावरून तापमान काढायचं सूत्रच छापलं: मिनिटाला 40 किरकिरी म्हणजे 50 अंश फॅरनहाइट, पुढच्या दर 4 किरकिरींना 1 अंश. टेलिफोनच्या पेटंटवरून बेलच्या कंपनीशी कोर्टात भांडून हरलेला हा गृहस्थ. कुठल्या जातीचा रातकिडा मोजला ते मात्र लिहायचं राहून गेलं. रात्री दोनला मी सूत्र लावून पाहिलं, तेव्हा आमच्या घरात मे महिन्यातलं नागपूर निघालं. बायकोला उठवून सांगितलं, तर ती म्हणाली, “मग पांघरूण काढ आणि झोप.”

चिलियन रोझ ही जात उपासासाठी जगप्रसिद्ध आहे. आठवडे नाही, महिनेच्या महिने. चातुर्मास झाला तरी सोडायचं नाव नाही, मध्ये साबुदाणा नाही, वरी नाही. आईला याचं फार कौतुक. पण बाई जेवत नाहीत म्हटल्यावर जेवणाचं काय करायचं? ते जिवंत ठेवावं लागतं. त्याला डब्यात घालून गाजराचे काप द्यायचे, ओट्स द्यायचे. पाण्याची वाटी चालत नाही, त्यात तो बुडून मरतो आणि मेला की असा वास मारतो की आईचा धूपही हात टेकतो. म्हणून ओला कापूस. मी माझा नाश्ता उभ्याने करतो आणि बाईंच्या नाश्त्याला बसून गाजर किसून देतो.

आणि मग एक दिवस बाई उताण्या पडल्या.

जाळ्याची पातळ चटई अंथरून, पाय वर करून, स्वस्थ. आईने देवाजवळ दिवा लावला. कन्या ओरडली, “बाबा, ती मेली नाहीये, ती कात टाकतेय! आत रातकिडा आहे का?”

आत रातकिडा होता. इथे मामला उलटा फिरतो. कात टाकताना आणि नंतरचे काही दिवस टॅरंटुला नवजात बाळाइतकी मऊ असते. सुळेसुद्धा पांढरे, लिबलिबीत. आणि रातकिडा काहीही खातो: गाजर, पुठ्ठा, भाऊबंद. उताणी पडलेली मऊ बाई दिसली तर तिलाही कुरतडायला लागतो, आणि त्या कुरतडण्याने टॅरंटुला मरू शकते. म्हणूनच न खाल्लेला रातकिडा रात्रभर आत ठेवू नये, असा या छंदातला साधा नियम आहे. आम्ही तो पाळत नव्हतो, आणि हा सालीमागे राहून गेला होता.

रात्री अकराला मी एका हातात विजेरी, दुसऱ्यात फूटभर लांब चिमटा घेऊन उभा. टाकी हलता कामा नये, बाईंना धक्का लागता कामा नये. रातकिडा सालीच्या आडून बाहेर आला, चटईच्या कडेशी थांबला, मिशा बाईंच्या दिशेने लांब केल्या. मी चिमटा नेला की तो सालीखाली. काढला की पुन्हा चटईपाशी. शेपटावरचे ते केस, ती हवेची जाणीव, ती वीजगती, सगळं उत्तम चालू होतं. फक्त माझ्यासाठी. ज्या जीवाने महिनाभर सुळ्यांखाली संसार केला, तो माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला घाबरत होता.

अखेर कन्येने गाजराचा काप सालीजवळ ठेवला, तो खायला आला आणि तिने चहाच्या गाळणीने झाकला. गाळणी आता टाकीच्या कामालाच आहे.

बाईंनी पाच-सहा तासांत जुनं अंग सोडलं. सुळे पांढऱ्याचे लाल झाले, लालाचे काळे; पंधरा दिवस कोणाला आत सोडलं नाही. मग गाळणीतलाच रातकिडा टाकला. काठाकाठाने आला, मिशा लावल्या, पायावर चढायला एक पाय उचलला. त्यापुढचं कोणाला दिसलंच नाही. एका क्षणी तो होता, दुसऱ्या क्षणी बाईंच्या तोंडात होता. इतके दिवस काळ आला होता पण वेळ आली नव्हती, ती आली. बाई त्याला धरून गोल गोल फिरत जाळं अंथरत राहिल्या. आईने पुण्याला मावशीला फोन लावला: “बाईंनी घेतलं गं आज!”

सध्या घरात नवा ठराव चर्चेला आहे. कन्येचं म्हणणं, रातकिडे बंद करून डुबिया आणावेत. दक्षिण अमेरिकेतली झुरळं. गात नाहीत, वास मारत नाहीत, गुळगुळीत काचेवर चढत नाहीत, कोळ्याला कुरतडत नाहीत. आणि एका डब्यात जोडी ठेवली की दुकानात जायची गरजच संपते, आपोआप वाढतात.

बायकोने पोळी लाटता लाटता शांतपणे सगळे मुद्दे ऐकले. मग लाटणं तसंच हातात ठेवून विचारलं, “कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कंत्राट आहे आपलं. त्यांना कळवायचं का, की मारू नका, कुरिअर करा?”