परसातल्या ओट्याला लाकूड का नको

हल्ली घर बांधायला काढलेल्या प्रत्येक माणसाच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो: हिरवळ, तिच्या कडेला लाकडी फळ्यांचा चकचकीत चौथरा, वर दोन आरामखुर्च्या आणि वाफाळता मग. माणूस मात्र फोटोत कुठेच नसतो. साखरखेर्ड्यात परसदारी असा चौथरा घालणं हा काही गुन्हा नाही, पण तो माणूस कुठे गेला याचा विचार सुताराला बयाणा देण्याआधी केलेला बरा. माझं म्हणणं सरळ आहे. उघड्यावर दगड घालावा, लाकूड छपराखाली ठेवावं; आणि उघड्यावर लाकूड हवंच असेल, तर दोघांनी धरून आत नेता येईल एवढंच असावं.

हे माझं डोकं नाही, जुन्या सुतारांचं आहे. आपल्या भागातला कुठलाही जुना वाडा बघा. सागवानी खांब जमिनीत पुरलेला सापडणार नाही; त्याच्या पायाशी दगडी तळखडा असतोच, आणि सबंध घर दगडी जोत्यावर. लाकूड आडव्या कापाच्या टोकातून पाणी सगळ्यात जास्त पितं, आणि ओल आली की वाळवीला निमंत्रण धाडावं लागत नाही. ती पायावरून बोटभर रुंदीची मातीची नळी लिंपत वर चढते. वरून फळी शाबूत, रंगही शाबूत. बोटाने दाबलं की आत नुसता भुगा. काम इतकं नेटकं, की ठेकेदार म्हणून हिलाच नेमावं असं वाटतं.

‘पण सागवानाला वाळवी लागत नाही’ हे वाक्य लाकडाच्या वखारीत हमखास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. गाभ्याच्या सागवानात तेल असतं, तिथे वाळवी सहसा तोंड घालत नाही. पण सालीलगतचा पांढरट भाग ती आवडीने खाते, आणि स्वस्तातल्या फळीत नेमका तोच निम्मा असतो. अस्सल गाभा चंद्रपूर-बल्लारशाकडून आणला, तरी विदर्भाच्या उन्हात त्याचा सोनेरी रंग जाऊन राखाडी होतो. मग दरवर्षी तेल पाजा. बाभूळ त्याहून चिवट, गाडीच्या चाकाला लागते ती उगाच नाही. पण ती आधी पाण्यात मुरवावी लागते आणि तरीही पीळ धरते, म्हणजे फळ्यांचा चौथरा मागायचा आणि होडी मिळायची.

‘मग अमेरिकेत कसे टिकतात?’ असा पुढचा सवाल येतो. त्याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवायची रीत काढली. पुढे अमेरिकेतली असंख्य परसदारं तिच्याच जोरावर लाकडी झाली. म्हणजे ती फॅशन मुळात आपल्याच माणसाच्या औषधावर जगत होती! आर्सेनिकच्या भीतीने २००३ अखेर तिथल्या घरगुती कामांतून ते लाकूड मागे घेतलं गेलं. आता भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबलेल्या फळ्या निघाल्या आहेत. त्यांना वाळवी लागत नाही हे कबूल. पण उन्हात त्या लाकडापेक्षा जास्त तापतात आणि वाढतात, म्हणून फटी ठेवाव्याच लागतात.

आणि फटींपाशीच खरी अडचण आहे. आपल्याकडे परसातला ओटा बसण्यासाठी असतो हा पुरुषांचा गैरसमज. तो वाळवणासाठी असतो. कुरडया, पापड, मिरच्या, तुरीची डाळ, मुगाच्या वड्या यांची पाळी संपली तर माणसाला जागा. लाकडी चौथऱ्यावर धान्य पसरलं, की घरात येणारं कमी आणि खालच्या पोकळीत जाणारं जास्त. तिथे उंदीर येतो, त्याच्या मागावर साप, आणि विंचवाला तर कोरडा अंधार आवडतोच. कोणी म्हणेल, फळ्यांवर चादर अंथरा. अंथरा की! पण मग फळ्यांचे पैसे कशाला मोजले?

दगड तापतो, हा आक्षेप खरा आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्यावर अनवाणी उभं राहून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं. पण त्या वेळी बाहेर कुरडई असते, माणूस नव्हे, आणि तिला तापच हवा असतो. संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारलं की ओटा निवतो. लाकडावर रोज पाणी मारून बघा. दगड काळाच घ्यावा, खडबडीत घडीचा. त्याच्या टिकाऊपणाचं प्रमाणपत्र हवं असेल तर आपल्याच जिल्ह्यात लोणारला जावं: तिथे या काळ्या खडकावर अशनी कोसळला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला, पण त्या खड्ड्याची कड आजही उभी आहे. वर शहाबादी फरशी, पॉलिश न करता. पॉलिशवाली आणि चकचकीत टाइल पावसात कंबर मोडते. दरजा सिमेंटने भराव्यात, दर चार-पाच फुटांना इंचभर ढाळ द्यावा, म्हणजे पाणी घराकडे न येता पपईच्या झाडाकडे जाईल. फोटो हवाच असेल तर लाल मिरची पसरल्यावर काढावा.

लाकडाची हौस उरलीच, तर एक बाज घ्यावी. रात्री बाहेर, पावसाचं चिन्ह दिसलं की आत. आत न्यायला दुसरा माणूस लागतो, आणि तो उठतो की नाही याची हमी मात्र कुठलंच लाकूड देत नाही.